टोरंटनं भिवंडी विकत घेतलीय का?

पूर्वभागकर: आमचे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग आहेत, टॉवेल काढतो. मामा भिवंडीत, त्यांचाही मागाचाच धंदा. परवा लग्नात विषय निघाला, त्यांना बिल टोरंटचं येतं न् आपल्याला महावितरणचं. म्हणजे भिवंडी विकली का? आणि औषधं बनवणारा ग्रुप विजेत आला कसा, कुणी नीट सांगा की.

तारवाला: विकली नाही भावा. लायसन्स महावितरणचंच, टोरंट 26 जानेवारी 2007 पासून तिथं फ्रँचायझी आहे. महावितरणकडून टेंडरमध्ये बोललेल्या दरानं घाऊक वीज घ्यायची आणि गिऱ्हाइकाला वीज आयोगानं ठरवलेल्या दरानंच बिल द्यायचं, म्हणजे मामाचा दर न् तुझा दर एकच. मग कमाई कशात, तर गळती कमी करण्यात. 100 युनिट घेतले आणि 50 चेच पैसे आले तर बुडाला, 85 चे आले तर सुटला. भिवंडी हातात घेतली तेव्हा गळती निम्म्याच्या वर होती, त्यामुळं कमवायला जागाही तिथंच होती.

जुना_मीटर: खरी खरेदी गुजरातेत झाली. आधी 1989 ला आजारी पडलेली एक केबल कंपनी घेतली, औषधवाले विजेत शिरले ते असे. पुढं नव्वदच्या दशकात 1913 ची अहमदाबाद इलेक्ट्रिसिटी आणि 1920 ची सुरत इलेक्ट्रिसिटी ताब्यात घेतली आणि नंतर या दोन आणि ग्रुपचीच वीज बनवणारी कंपनी अशा तिन्ही टोरंट पॉवरमध्ये विलीन केल्या. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दोन्ही शहरांत गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं, रोजचा पैसा येणारच, त्या जोरावर सुरतेजवळ 1147.5 मेगावॅटचा गॅसवरचा प्लांट उभा राहिला. आग्रा (2010) आणि शीळ-मुंब्रा-कळवा (2020) परत फ्रँचायझीच. दादरा-नगर हवेली, दमण-दीवच्या वितरण कंपनीत मात्र 2022 ला 51 टक्के शेअर घेतले, ती खरी मालकी.

पूर्वभागकर: आता कळलं. पण मग मागवाल्यांची वीजबिलातली सवलत? उद्या इथं कुणी आलं तर ती जाणार का, आमचं सगळं गणित त्यावरच आहे.

तारवाला: सवलत राज्य सरकार देतं, बिल कुणी का छापेना. भिवंडीच्या मागांनाही मिळतेच की. तू लक्ष सरकारच्या जीआरवर ठेव. आणि मामाला सांग, टोरंटचा भिवंडीचा करार 2017 ला 10 वर्षांनी वाढवलाय, म्हणजे जानेवारी 2027 ला तो विषय परत निघणार.