आधी कारण शोधूया

प्राण्यांना आपण जसं समजून घेतो तसंच माणसांनाही घ्यावं का, या चर्चेत एकाने म्हटलंय की प्राणी निरागस असतात, माणसं जाणूनबुजून दुखावतात, म्हणून ही तुलनाच चुकीची. मला नाही पटत. तशी माणसं असतात, पण आपल्यावर खेकसणारे बहुतेक जण त्यातले नसतात.

कुत्रा अचानक गुरगुरला तर कान दुखतोय का, पंजात काही रुतलंय का, हे आपण आधी बघतो. मांजर खात नसेल तर तिला डॉक्टरकडे नेतो. सहकारी तुसडेपणाने बोलला की मात्र लगेच निकाल: स्वभावच तसला! परिस्थिती न बघता स्वभावावर खापर फोडायच्या या सवयीबद्दल ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय.

माणसाला बोलता येतं, मग त्याने सांगावं, असं कुणी म्हणेल. पण कर्ज, घरातलं आजारपण, एकटेपणा यांबद्दल बोलणंच तर सगळ्यात अवघड. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ते जमतही नाही. त्यांची अचानक वाढलेली चिडचिड कित्येकदा दुखणाऱ्या दाताची किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाची असते, आणि घरचे समजतात म्हातारपणी हट्टीपणा वाढला. हे फार वाईट वाटतं मला.

सगळं सहन करा असं म्हणत नाहीये. चावऱ्या कुत्र्यालाही आपण आवरतोच, त्याचा द्वेष मात्र करत नाही.

फक्त एक फरक पाळायला हवा. पाळीव प्राण्याचं सगळं आपण ठरवतो, माणसाला विचारावं लागतं. आईवडील थकले की हे विचारणं सर्वात आधी बंद होतं.