मनोरुग्णांच्या पुनर्वसनात इमामसाहेबांना जागा द्यावी का?

बुलढाण्याचा समुपदेशक:
सैलानीच्या दर्ग्यावर मनोरुग्ण घेऊन जाणारी किती घरं त्याआधी जिल्हा रुग्णालयात गेलेली असतात? मुसलमान घरात पहिला सल्ला बहुतेकदा मशिदीतच मिळतो. म्हणून इमामांना पुनर्वसनात सामील करावं, असं माझं ठाम मत. ‘अल्लाहनं प्रत्येक आजारावर औषध उतरवलंय’ ही हदीस (पैगंबरांचं वचन) त्यांच्या तोंडून ऐकली, की गोळी घेणं म्हणजे इमान कच्चं ही भीती कमी होते.

मनोविकार परिचारिका, अकोला:
विरोध. वस्वशाचा, म्हणजे मनात सतत शंका येत राहण्याच्या आजाराचा (ओसीडी) रुग्ण वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) करताना पुन्हापुन्हा हात धुतो आणि ‘वजू झाला का?’ विचारायला जातो. इमाम मायेनं ‘झाला’ म्हणतात. घटकाभर बरं वाटतं, मग तोच प्रश्न. अशा दिलाशानंच आजार बळावतो. उन्मादाच्या रुग्णाला रात्रभर जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) करायला सांगितलं तर झोप तुटते आणि झटका परततो.

समुपदेशक:
त्यासाठीच त्यांना शिकवायचं. अवयव तीनदा धुवायचे, पुढे शंका आली तर दुर्लक्ष करायचं. खात्री शंकेनं मोडत नाही, हा फिकहचाच (इस्लामी धर्मशास्त्राचाच) नियम आहे. तो एकदाच सांगायचा. पुन्हा विचारलं तर ‘याचं उत्तर झालंय’ एवढंच. घरच्यांनीही हेच पाळायचं, नाहीतर रुग्ण आईकडून ‘झाला’ वदवून घेतो.

औषधनिर्माता, वाशीम:
रोज्याचं बोला. उन्मादावरचं लिथियम हे औषध चालू असताना आपल्या उन्हात दिवसभर पाणी नाही, तर रक्तातलं लिथियम वाढतं: हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. रमजानआधी रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारायलाच हवं. आजाऱ्याला रोज्याची सूट कुरआनातच आहे (२:१८४). हे इमामांनी सांगितलं तर रुग्ण ऐकतो, माझं ऐकत नाही. मी बाजूनं.

परिचारिका:
आणि साखळदंड? २००१ साली तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा बांधलेले २८ रुग्ण गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे. झाडफुंकीच्या नावाखाली बांधणारा, मारणारा कुणीही असो, थेट पोलिसांत.

समुपदेशक:
त्यात वादच नाही. फातिहा, आयतुल कुर्सी या कुरआनातल्या आयती पढून दम करणं (फुंकर घालणं) वेगळं, मारणं वेगळं.

परिचारिका:
तरी त्यांना उपचारांच्या बैठकीत बसवू नका. लहान गावात आजाराचं नाव फुटलं की पोरीची सोयरीक मोडते. इमामांना काय सांगायचं, काय नाही, हे रुग्णाला विचारून लेखी घ्या. संमती त्याचीच हवी, सासऱ्याची नाही.