हद्दपार, परागंदा की फरार? (थाक्सिनच्या निमित्ताने)

बोरूबहाद्दर:
थायलंडच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. तिथले माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा २२ ऑगस्ट २०२३ रोजी पंधरा वर्षांनी बँकॉकला परतले, तिथून सुरुवात. पहिल्याच ओळीत 'एक्झाइल' आला आणि गाडं अडलं. मी 'हद्दपारी' लिहिलं होतं. संपादनात त्याचा 'वनवास' झाला. मुद्रितशोधकांनी समासात 'परागंदा?' असं लिहून ठेवलं आहे. यातलं काय ठेवायचं?

दुसरी अडचण. तिकडचे विरोधक त्यांना 'नाकथोत थेवदा' म्हणतात. नाकथोत म्हणजे कैदी, थेवदा म्हणजे आपली देवता. 'देवता कैदी' लिहिलं तर वाचकाला काही कळायचं नाही.

पैलतीर:
हद्दपारी नक्की नाही. हद्दपार कोणीतरी कोणाला तरी *करतं*. त्याला आदेश लागतो, आदेश काढणारा अधिकारी लागतो, मुदत लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमं ५५ ते ५७ घ्या: आधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग ठरावीक क्षेत्राबाहेर जाण्याचा आदेश, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. थाक्सिनना असं कोणी बाहेर काढलेलं नाही. १९ सप्टेंबर २००६ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये होते. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वतःहून परत आले. ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बीजिंगला गेले ते तिथून परस्पर लंडनला, जमिनीच्या खटल्यात कोर्टाच्या तारखेला हजरच झाले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गैरहजेरीत दोन वर्षांची शिक्षा झाली.

क्रियापद लावून बघा, लगेच उलगडा होतो. हद्दपार *करतात*. परागंदा *होतात*. वनवासाला *धाडतात* किंवा *जातात*. इथे 'होतात'वालाच शब्द हवा.

विळी-अडकित्ता:
मग सरळ 'फरार' म्हणा की. जामिनावरचा आरोपी तारीख चुकवून देशाबाहेर राहिला आणि त्याच्यावर वॉरंट निघालं, तर मराठी पोलिसी भाषेत तो फरारीच.

पैलतीर:
कायद्याच्या अंगाने बरोबर. पण 'फरार' म्हटलं की लपलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हे दुबईत राहत होते, मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब वर्षभर त्यांच्या मालकीचा होता, आणि २०२१ मध्ये 'टोनी वुडसम' या टोपणनावाने क्लबहाउस या गप्पांच्या अॅपवर उघड गप्पा मारत होते. याला फरारी म्हणवत नाही आणि अज्ञातवास तर त्याहून नाही. 'देशोधडीला लागले' हेही बाद, त्यात अन्नान्नदशा येते.

शुद्धमती:
हद्द अरबी, फरार अरबी, परागंदा फारसी. मराठीत शब्दच उरले नाहीत का? 'स्वदेशत्याग' लिहा.

विळी-अडकित्ता:
त्याग?! तुरुंग चुकवण्याला त्याग म्हटलं तर पुढच्या निवडणुकीत त्यांचा प्रचार आपणच केल्यासारखं होईल.

शेंगाचटणी:
परागंदा फारसी कसा? 'परा' उपसर्ग आणि 'गम्' धातू. परागत, परागंत, परागंदा. दूर गेलेला तो परागंदा. साधी गोष्ट आहे.

पैलतीर:
साधी आहे, पण खरी नाही. फारसीत 'परागंदन' म्हणजे विखुरणं, पांगणं. त्याचं भूतकालवाचक विशेषण 'परागंदा'. पांगलेला, पांगापांग झालेला. दुष्काळात गाव परागंदा झालं म्हणतात त्यात हा मूळ अर्थ शाबूत आहे. एकट्या माणसाला लावायला लागलो ते नंतर.

शेंगाचटणी:
मग एकटा अब्जाधीश 'पांगला' कसा, तेही सांगा. तुमच्याच व्युत्पत्तीने शब्द बाद झाला.

तळटीप:
व्युत्पत्तीवरून आजचा वापर बाद होत नसतो, नाहीतर 'तडीपार'ला नदी लागली असती. (तड म्हणजे काठ. 'तडीस नेणे' तिथलाच.)

'वनवास'बद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. वर्तमानपत्रांना तो प्यारा आहे कारण चौदा-पंधरा वर्षं म्हटली की रामायण आठवतं. पण वनवासात जाणारा निर्दोष असतो हे शब्दातच गृहीत आहे. कैकेयी दोषी, राम नाही. 'वनवासातून परतले' लिहिताच तुम्ही निकाल देऊन मोकळे होता. लेख न्यायावरच्या अविश्वासाबद्दल असेल, तर निदान मथळ्याने तरी निकाल देऊ नये.

आणि रत्नागिरीचा थिबा राजा आठवा. ब्रह्मदेशातून त्याला उचलून आणलं, १८८६ ते १९१६ तिथे ठेवलं. त्याला आपण 'स्थानबद्ध' म्हणतो, आणि ते चपखल आहे: देशाबाहेर काढलेला *आणि* एका जागी बांधलेला. थाक्सिन याच्या नेमके उलट. एक देश सोडून सगळं जग मोकळं.

शुद्धमती:
स्थानबद्ध हा संस्कृत शब्द बघा कसा चपखल बसला. माझा मुद्दा तोच आहे.

बोरूबहाद्दर:
'नाकथोत थेवदा'चं काय?

विळी-अडकित्ता:
'सरकारी जावई'. तयार शब्द आहे.

तळटीप:
आधी प्रकरण काय ते बघू. विमानतळावरून ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तीन जुने खटले: म्यानमारला एक्झिम बँकेकडून दिलेलं कर्ज, तीन वर्षं; दोन-तीन अंकी लॉटरी, दोन वर्षं, ही पहिल्या शिक्षेबरोबरच भोगायची; आणि दुसऱ्यांच्या नावावर ठेवलेले शेअर, पाच वर्षं. एकूण आठ. (ज्या जमीन खटल्यासाठी पळाले त्याची शिक्षा तोवर मुदतबाह्य झालेली.) दुपारी तुरुंगात, आणि मध्यरात्रीनंतर लगेच पोलीस रुग्णालयाच्या चौदाव्या मजल्यावर. कारणं दिली रक्तदाब आणि छातीत दाटणं. १८ फेब्रुवारी २०२४ ला पॅरोलवर थेट घरी. तुरुंगात एक रात्रही पुरती नाही.

त्यामुळे 'चौदावा मजला' हाच तिकडे वाक्प्रचार झाला आहे. तुम्ही थेवदा सोडा आणि चौदावा मजला ठेवा, अनुवाद लागणारच नाही.

पैलतीर:
'सरकारी जावई'त फुकट खाणारा येतो. थेवदात खाण्याचा संबंध नाही. तिथे रोख आहे तो वर बसलेला, ज्याला खालचे नियम लागत नाहीत, याच्यावर. 'मानाचा कैदी' कसं वाटतं? मानाचा गणपती असतो तसा. आधी निघायचा मान याचा.

विळी-अडकित्ता:
मानाचा कैदी! घेतला.

कोर्टकचेरी:
वर सगळे 'माफी' शब्दाकडे येणार हे दिसतं आहे, म्हणून आधीच सांगतो. मराठी बातम्यांत 'राजाने माफी दिली' असं छापून आलं. चूक. माफीत दोषच पुसला जातो. राजाने १ सप्टेंबर २०२३ च्या सुमारास आठाचं एक वर्ष केलं. शिक्षेची जात तीच, मोजमाप कमी: ही सूट. जात बदलली, म्हणजे फाशीची जन्मठेप झाली, तर ते सौम्य करणं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ मध्ये या गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत त्या उगीच नाहीत.

'पॅरोल'लाही हात लावू नका. आपल्या कारागृहांत पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा' आणि फर्लो म्हणजे 'संचित रजा'. दोन्ही रजाच, संपली की परत आत. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. थाई 'फाक थोत' मुळात रजा नाही. अटी पाळून उरलेली शिक्षा बाहेर काढायची, परत यायचं नाही. 'अभिवचन रजेवर सुटले' लिहाल तर मराठी वाचक ते परत आत कधी गेले म्हणून विचारेल.

विळी-अडकित्ता:
गेले की! ९ सप्टेंबर २०२५ ला. सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातले दिवस शिक्षेत धरायला नकार दिला आणि एक वर्ष तुरुंगात पाठवलं.

कोर्टकचेरी:
ते रजा संपली म्हणून नव्हे. शिक्षा सुरूच झाली नव्हती असं ठरलं म्हणून. फरक मोठा आहे.

शुद्धमती:
थाईमध्ये माफीला काय म्हणतात?

तळटीप:
आता तुमचा आनंद बघण्यासारखा होईल. 'अफाय्थोत'. अफाय म्हणजे अभय, थोत म्हणजे दोष. अभय + दोष. आणि सार्वत्रिक माफीला 'निरथोतसकाम', म्हणजे निर् + दोष + कर्म. २०१३ मध्ये बहिणीच्या, यिंगलक यांच्या सरकारने हेच विधेयक १ नोव्हेंबरच्या पहाटे कनिष्ठ सभागृहात रेटून मंजूर केलं. सिनेटने फेटाळलं, पण रस्ते पेटले ते पेटलेच; मे २०१४ मध्ये पुन्हा लष्कर.

विळी-अडकित्ता:
आपल्याकडेही 'अभय योजना' आहेच. मालमत्ता कराचा दंड माफ, मुद्रांक शुल्काचा दंड माफ. रांगेत उभं राहून वेळेत कर भरणारा मात्र मूर्ख ठरतो. नेमकी तीच तक्रार तिकडे.

शेंगाचटणी:
मग न्यायाला काय म्हणतात?

तळटीप:
'युत्तिथाम'. पाली युत्ति, संस्कृत युक्ति, अधिक धर्म.

शेंगाचटणी:
न्याय म्हणजे युक्ती! लोकांचा विश्वास का नाही ते शब्दातच आहे.

पैलतीर:
नाही हो. संस्कृतात युक्ती म्हणजे योग्यता, जुळणं. क्लृप्ती हा अर्थ आपल्याकडे बळावला. उद्या म्हणाल, थाईत दुटप्पीपणाला 'सोंग मात्रथान' म्हणतात म्हणजे ते सोंगच. तिथे सोंग म्हणजे दोन, आणि मात्रथान म्हणजे मापदंड. २०१० च्या लाल शर्टवाल्यांच्या, म्हणजे थाक्सिन समर्थकांच्या, आंदोलनातली ही प्रमुख घोषणा.

शेंगाचटणी:
हे तर फारच छान आहे. योगायोग असला तरी मी वापरणार.

कोर्टकचेरी:
शब्दचर्चाच चालली आहे तर एक नमुना. सप्टेंबर २००८ मध्ये पंतप्रधान समक सुंदरवेज यांना घटना न्यायालयाने घरी पाठवलं. गुन्हा काय, तर दूरचित्रवाणीवर पाककृतींचा कार्यक्रम करून मानधन घेतलं. घटनेनुसार मंत्र्याने कोणाचा 'लूकचांग', म्हणजे नोकर, असायचं नाही. कामगार कायद्यातल्या व्याख्येने ते नोकर ठरत नव्हते. न्यायालयाने शब्दकोशातला व्यापक अर्थ घेतला आणि ते नोकर ठरले. कोशाने सरकार पाडल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून 'न्यायावरचा विश्वास उडाला' हे वाक्य लेखात जपून वापरा. लाल बाजूचा अविश्वास पक्ष विसर्जित करणाऱ्या निकालांमुळे, २००७ पासूनचा. विरुद्ध बाजूचा चौदाव्या मजल्यामुळे. दोघांचं वाक्य एकच, पण तक्रारी एकमेकांविरुद्ध. 'उडाला' म्हणायला आधी बसलेला असावा लागतो.

विळी-अडकित्ता:
त्यांची एक म्हण आहे, 'तुरुंग गरिबांना डांबायला असतो'. मराठीत 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' देता येईल.

पैलतीर:
ती खर्च आणि दिरंगाईची म्हण आहे, पक्षपाताची नाही. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' जवळची.

शुद्धमती:
'चोर सोडून संन्याशाला सूळ'.

पैलतीर:
त्यात संन्यासी निर्दोष आहे. थाई म्हणीतला गरीब निर्दोष आहे असं कोणी म्हटलेलं नाही. तो फक्त गरीब आहे.

बोरूबहाद्दर:
मंडळी, मथळा. परागंदा ठेवू का?

तळटीप:
ठेवा. पण आधी नाव दुरुस्त करा. थाक्सिन म्हणजे 'दक्षिण', आणि गृहस्थ उत्तरेच्या चियांग माईचे! आडनावाचा उच्चार 'चिन्नवत'. 'शिनावात्रा' हे रोमन लिपीवरून आलेलं ध्यान.

शेंगाचटणी:
रूढ झालंय ते. वीस वर्षं मराठी पेपर शिनावात्राच छापताहेत. आता 'चिन्नवत' लिहिलं तर हा कोण नवा माणूस म्हणून पत्रं येतील.

शुद्धमती:
मग 'दक्षिण जिनव्रत' लिहा.