इंदूरमध्ये मुलासाठी भरवशाचं थेरपी सेंटर कसं ओळखायचं? आणि घरी मराठी बंद करायची का?

लोकमान्यनगरची_आई
नमस्कार मंडळी, इंदूरचे कोणी असतील तर जरा सांगा. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सुटे शब्द येतात पण जोडून बोलत नाही, नावाने हाक मारली तर बघतच नाही, मिक्सर लावला की दोन्ही कान झाकून बाहेर पळतो आणि गाडी उलटी करून तिची चाकं मात्र तासभर फिरवत बसेल. प्ले स्कूलच्या मॅडम बोलल्या "एक बार दिखा लो", म्हणून एका सेंटरवर गेलो. तिथे अर्धा तासही झाला नसेल, माइल्ड ऑटिझम (स्वमग्नता) आहे म्हणाले आणि लगेच सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलं, आज भरलं तर डिस्काउंट. थेरपीच्या वेळी आईबाबांनी बाहेर बसायचं. आणि घरी मराठी एकदम बंद, फक्त हिंदी नाहीतर इंग्लिश, कारण मूल कन्फ्युज होतं. आता आमच्या सासूबाई दिवसभर त्याच्याशी मराठीतच बोलतात, त्यांनी काय गप्प बसायचं का? त्या वर म्हणतात याचा बाबा पण उशिराच बोलला होता, नसत्या फंदात पडू नका.
व्हॉट्सअॅपवर एक जण गव्हाची पोळी बंद करा म्हणते, दुसरी स्टेम सेलचे उपचार करणाऱ्याचा नंबर पाठवते. पैसे अजून भरले नाहीत. पण रात्र रात्र मोबाइलवर व्हिडिओ बघत बसते, झोप नाही, कोणाचं खरं मानायचं तेच कळत नाही.

रामबागवाला_बाबा
ताई, पहिले तर ते पॅकेज भरू नका. ऑटिझम रक्ताच्या टेस्टने किंवा एमआरआयने कळत नाही, मुलाला खेळताना बघून आणि तुम्हाला लहानपणापासूनचं सगळं विचारून ठरवावं लागतं, आणि हे काम डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, मुलांचे सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं आहे. रिसेप्शनच्या बाजूला बसलेल्या "काउन्सेलर"चं नाही.
आमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, काही सेंटरं बदलून झाली, त्यावरून सांगतो. बोर्डावर काय लिहिलंय ते सोडा, जो माणूस प्रत्यक्ष तुमच्या मुलासोबत बसणार आहे त्याचा नोंदणी नंबर मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट हे सगळे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमध्ये पाहिजेत, १९९२ चा कायदाच आहे तसा, आणि ते रजिस्टर ऑनलाइन शोधता येतं. बरेचदा होतं काय की दाखवायला एक मोठं नाव असतं आणि रोज येते कुठून तरी चार दिवसांचा कोर्स केलेली मुलगी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं हाताने करायला शिकवणारे, मात्र या कौन्सिलखाली येत नाहीत, त्यांच्याकडे तो नंबर नाही म्हणून खोटे समजू नका, त्यांची बीओटी किंवा एमओटी डिग्री बघा.
दुसरं, काचेतून का होईना पण बघू देतात का ते विचारा. एखादं मूल आईला बघून काम सोडतं हे खरं आहे, म्हणून दहा मिनिटं बाहेर बसा म्हणाले तर समजू शकतो, पण सहा महिने दार बंद ठेवून तुम्हाला घरी काय करायचं हे कोणी शिकवणारच नसेल तर उपयोग काय? मूल त्यांच्याकडे पाऊण तास आणि उरलेला दिवस तुमच्याकडे. आणि तीन महिन्यांत काय यायला पाहिजे ते लिहून मागा. "इम्प्रूव्हमेंट होईल" असं नको, "पाणी पाहिजे असेल तर ग्लासकडे बोट दाखवेल" असं.
फुकटात दुसरं मत हवं असेल तर सरकारी डीईआयसी म्हणजे डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. जिल्हा हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. गर्दी असते, कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जावं लागतं, पण तिथे कोणाला तुम्हाला काही विकायचं नसतं. भोपाळला सीआरसी म्हणजे दिव्यांगांसाठीचं सरकारी केंद्र आहे, तिथेही लहान मुलांसाठी वेगळं केंद्र आहे, एक दिवस काढून जाता येतं.

बडोद्याची_वाचा
मी स्पीच थेरपिस्ट आहे, माहेर इंदूर, आता बडोद्यात काम करते. इथेही हेच आहे, फक्त हिंदीच्या जागी गुजराती. मराठी बंद करू नका!! दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, वाढतही नाही, बोलणंही त्यामुळे अडत नाही, यावर आता भरपूर अभ्यास झालेला आहे. आजी ज्या भाषेत मनापासून बोलते ती बंद केली की घरात बोलणारं एक माणूसच कमी होतं, आणि ज्या मुलाला बोलण्याचे प्रसंग जास्त मिळायला हवेत त्याचेच कमी करायचे, हे काय लॉजिक आहे मला खरंच कळत नाही.
पण त्याआधी एक. कान तपासले का? नावाला बघत नाही म्हणालात ना, तर ऑटिझमचा शिक्का बसायच्या आधी ऑडिओलॉजिस्टकडे जा. मिक्सरला घाबरतो म्हणजे ऐकू येतं असं घरचे धरून चालतात, तसं नसतं, काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही असंही असतं. बेरा नावाची कानाची टेस्ट मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. जे सेंटर ही टेस्ट न विचारता स्पीच थेरपी सुरू करायला निघालंय त्याच्याबद्दल माझं मत तिथेच खराब होतं.
आणि सासूबाईंना कामाला लावा. पोळ्या लाटताना त्याला पिठाचा गोळा आवडत असेल तर एकदम हातात देऊ नका. गोळा डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, "गोळा?" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मनात पाच मोजायचे, ही थांबायची गोष्ट सगळ्यात कठीण, आपण मराठी बायका थांबतच नाही, लगेच पुढचं वाक्य. त्याने बघितलं, हात केला, "गो" म्हणाला, काहीही चालेल, लगेच द्यायचा आणि म्हणायचं "गोळा दे". उद्या परत. निदान पुढेमागे काहीही निघो, हे आजपासून करता येतं.

स्नेहलतागंज_काका
माफ करा पण आमच्या वेळी हे काही नव्हतं. आमचा पुतण्या चार वर्षांपर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हता, आज बँकेत मॅनेजर आहे. मोबाइल काढून घ्या, चार मुलांत खेळू द्या, बोलेल.

रामबागवाला_बाबा
काका, पुतण्या बोलला, आनंद आहे. जे नाही बोलले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. तपासून काही निघालं नाही तर एक दिवस गेला, पण वाट बघितली आणि निघालं तर मेंदू भराभर वाढायची वर्षं हातची गेली. मोबाइल कमी करा हे मात्र तुमचं बरोबर.

लष्करच्या_मावशी
मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागात राहते. आमची मुलगी मोठी आहे, विशीच्या पुढे. बेटा, स्टेम सेलवाल्याचा नंबर आधी डिलीट कर. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने २०२२ मध्येच सांगून टाकलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल थेरपी सुचवू नये. लोकांनी दागिने मोडलेले पाहिले आहेत मी. पोळी पण बंद करू नको, गव्हाची अॅलर्जी किंवा सीलिअॅक (गहू न सोसण्याचा आजार) निघालं तर गोष्ट वेगळी, नाहीतर आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचं खाणंच काढून घेतल्यासारखं. जो कोणी "पूर्ण बरा करतो" म्हणेल त्याच्या पायऱ्या चढू नये, आमच्या घरात हा एकच नियम आहे.
कागदांचं पण सांगून ठेवते. निदान पक्कं झालं तर यूडीआयडी म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राला लाजू नका. लोकांना वाटतं शिक्का लागेल, मुलाचं लग्न... अगं तो साडेतीन वर्षांचा आहे! ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा वर असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, वडिलांनी टॅक्सची जुनी पद्धत निवडली असेल तर तिथे सूट, आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा, त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. शाळेने "हमारे यहाँ ऐसे बच्चे नहीं लेते" म्हटलं तर तोंडी ऐकून परत यायचं नाही, लिहून द्या म्हणायचं. मान्यताप्राप्त शाळेला या कारणाने नाही म्हणता येत नाही. लिहून देत नाहीच कोणी, तेव्हा आपणच अर्ज करून पोच घ्यायची आणि मंगळवारी कलेक्टर लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईत जाऊन उभं राहायचं.
आता तुझं. रात्री व्हिडिओ बघणं बंद. झोप नाही, रडू येतं, चिडचिड होते, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, १४४१६, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, हिंदी मराठी दोन्ही आहे. फोन करायला वेडं असावं लागत नाही. मराठीत काही ऐकायचंच असेल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं आवाहन नावाचं यूट्यूब चॅनेल आहे, तिथे डॉक्टर मंडळी शांतपणे बोलतात, घाबरवत नाहीत. पण दिवसा ऐक. आणि याच्या बाबाला प्रत्येक अपॉइंटमेंटला बरोबर ने, नाहीतर सगळं तुला पाठ आणि तो विचारणार "क्या बोले डॉक्टर".

लोकमान्यनगरची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार. मावशी, शेवटचं वाक्य वाचून आमचे हे हसले, म्हणजे वाचत होते मागून. सेंटरला फोन करून नोंदणी नंबर मागितला तर "मॅडम आप आ जाइए, यहीं दिखा देंगे" म्हणाले, नाव पण सांगेनात. तिथे जाणार नाही. आधी कानाची टेस्ट, मग डीईआयसी. जाताना काय काय न्यायचं? आणि तिथे तो नेमका शहाण्यासारखा वागला तर?

रामबागवाला_बाबा
जन्माच्या वेळचं हॉस्पिटलच्या डिस्चार्जचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आधार. आणि घरचे छोटे छोटे व्हिडिओ काढून ठेवा, चाकं फिरवतानाचा, हाक मारल्यावर बघत नाही तो, दुसऱ्या मुलांमध्ये असतानाचा. त्याला तयार करून काढू नका, जसं आहे तसं. कधी बसला, कधी चालला, आधी येणारा एखादा शब्द नंतर बंद झाला का, हे आदल्या रात्री लिहून काढा, तिथे ऐन वेळी काही आठवत नाही.

बडोद्याची_वाचा
आणि बेराच्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा, रस्त्यात गाडीत डोळा लागू देऊ नका, नाहीतर पोचेपर्यंत साहेब फ्रेश आणि टेस्ट पुढच्या तारखेला.