मदत हवी आहे: दहावी पूर्ण मराठीतून, अकरावी सायन्स इंग्रजीतून

माझी धाकटी बहीण तासगाव तालुक्यातल्या गावात पूर्ण मराठी माध्यमात शिकली, सेमी (म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून) नव्हतं. आता सांगलीत अकरावी सायन्सला आहे, गणित गटात. शाळेत विज्ञान तिचा हातचा विषय. आता वहीत मोमेंटमशेजारी पेन्सिलीने ‘संवेग’, ॲक्सलरेशनशेजारी ‘त्वरण’ लिहिलेलं असतं, आणि तोवर सर पुढच्या गणितावर गेलेले असतात. उत्तर येत असूनही ती हात वर करत नाही, हे मला फार लागतं.

दोन महिने शिकवणी लावली, पण तिथेही इंग्रजीच. मराठी व्हिडिओंनी संकल्पना कळते, पेपरातला प्रश्न मात्र समजत नाही. कला शाखेला वळवा असं सुचवू नका, तिला इंजिनिअरिंगच करायचंय; सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं स्वप्न आहे. एसटीने येऊन-जाऊन करते, घरी पोचायला सात वाजतात. त्यामुळे संध्याकाळचा क्लास जमत नाही. घरात मोबाइल एकच.

एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही देता येतो, गणित मात्र इंग्रजीतच. शिवाय साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे हे वर्ष वाया घालवून चालणार नाही.

मराठी माध्यमातून येऊन इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी सांगावं: सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून दिलं का इंग्रजीतून? आणि पहिल्या सहामाहीत रोज तासभरच मिळत असेल, तर आधी नववी-दहावीचं विज्ञान इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाचावं, की थेट अकरावीचीच गणितं सोडवत शब्द पक्के करावेत?