मदत हवी आहे: वडिलांच्या रक्तात युरिया वाढलाय, शेतातल्या युरियाचा काही संबंध असेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती. आबांना (वडील, वय 61) खूप थकवा येत होता म्हणून रक्त तपासलं तर ब्लड युरिया 64 आणि क्रिएटिनिन 1.2 आलं. मग दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर तिथे बीयूएन 30 लिहिलंय. घरात सगळे खुश की निम्म्यावर आलं, पण औषध काहीच सुरू नाही तर कमी होईल कसं?

आबांच्या डोक्यात बसलंय की ड्रिपला सोडायचा युरिया जन्मभर बादलीत हाताने कालवला, पाणी पार गारठेपर्यंत हात आत असायचा, तोच अंगात भिनला. त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून डाळ पूर्ण बंद केलीय, कळण्याची भाकरी नाही, वरण-बट्टी केली तरी नुसती वांग्याची भाजी आणि बट्टी घेतात. आईचा जीव तुटतो. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, तोवर हा युरिया येतो कुठून आणि डाळ बंद करणं बरोबर का ते कोणी नीट सांगेल का प्लीज.

उत्तर:
भो, आधी आकडे. बीयूएनमध्ये युरियातला फक्त नायट्रोजन मोजतात. त्याला 2.14 ने गुणलं की युरिया मिळतो, म्हणजे 30 चे 64 च झाले. दोन्ही रिपोर्ट एकच सांगतायत, काही कमी झालेलं नाही.

पोत्यातला युरिया आणि रक्तातला युरिया पदार्थ म्हणून एकच, पण आबांच्या रक्तातला त्यांच्याच लिव्हरने बनवलाय. टाचेच्या भेगांच्या क्रीममध्येपण युरिया असतो, हात बुडवून रिपोर्ट असा वाढत नाही, एवढं त्यांना नक्की सांगा.

प्रोटीन पचून अमिनो ॲसिड होतात आणि जास्तीची शरीराला साठवता येत नाहीत, ती जाळायची तर आधी नायट्रोजनवाला भाग काढावा लागतो. तो बहुतेक वेळा ग्लुटामेट या अमिनो ॲसिडच्या रूपात गोळा होतो, आणि हे काम करणारी एन्झाइम्स म्हणजे आपल्या रिपोर्टवरची एसजीपीटी, एसजीओटी. ग्लुटामेटमधून पुढे अमोनिया सुटतो आणि तो मेंदूला घातक, म्हणून लिव्हर लगेच त्याचा युरिया करते. हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये शोधलं. युरियाच्या एका रेणूत दोन नायट्रोजन, एक अमोनियातून येतो, दुसरा अस्पार्टेट या अमिनो ॲसिडमधून, आणि ज्याच्यापासून चक्र सुरू होतं ते ऑर्निथिन शेवटी जसंच्या तसं परत मिळतं की पुढची फेरी सुरू. मग किडनी तो लघवीतून बाहेर टाकते.

पण गाळलेला थोडा युरिया किडनीच्या नळ्या परत शोषून घेतात, आणि अंगात पाणी कमी पडलं की जास्तच. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, तोही किडनीच बाहेर टाकते, पण त्याचं तसं होत नाही. म्हणून आपल्याकडच्या उन्हात दिवसभर बागेत राबणाऱ्याचा युरिया एकटाच वर गेलेला दिसू शकतो. दुसरं कारण म्हणजे पोटात रक्तस्राव, ते रक्तही प्रोटीनच, आतड्यात पचतं आणि त्याचाही युरियाच होतो. थकवा आहे म्हणून विचारतो, संडास काळी होते का? हिमोग्लोबिन किती आहे?

डाळ मनाने बंद करू नका. खाण्यातून प्रोटीन मिळालं नाही की शरीर स्नायू तोडतं आणि त्यातला नायट्रोजन याच रस्त्याने युरिया होऊन जातो, वर माणूस अशक्त होतो तो वेगळा. किडनीच्या काही पेशंटना प्रोटीन मोजून देतात हे खरं, पण ते डॉक्टर ठरवतील.

धागाकर्ता:
खूप खूप धन्यवाद दादा. हिमोग्लोबिन 9.1 आहे, त्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. संडासचं आत्ता विचारलं, काळपट होते म्हणे, लाजेपोटी बोलले नाहीत. आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घेतात.

उत्तर:
मग पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या. या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं, किडनीलाही त्रास होतो. गोळ्या आतापासून बंद, पाकीट सोबत न्या आणि काळ्या संडासचं डॉक्टरांना पहिलं सांगा. चक्कर आली, घाम फुटला किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या, रात्र असली तरी.