डाकसेवकांचा पगार ठरवायला दर वेळी समिती कशाला? समोरासमोर बसून करार करा

ओटीवरची
माझी आई ग्रामीण डाकसेवक, कोकणातल्या एका गावात २१ वर्षं बीपीएम, म्हणजे शाखा पोस्टमास्तर आहे. पोस्ट आमच्याच ओटीवर, कारण जागा देणं ही नेमणुकीची अटच. कागदावर काम चार तासांचं. लाडकी बहीणचा हप्ता पडला की सकाळी आठपासून बायका पायरीवर बसलेल्या असतात. मशीनला रेंज नसली की आई ते हातात धरून विहिरीपाशी जाते आणि अंगठा उमटवायला म्हाताऱ्या तिच्या मागोमाग चालत येतात. ते तास कोण मोजतं?

माझा मुद्दा नुसत्या रकमेचा नाही. डाकसेवकांच्या पगारासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला ६ जून २०१८ ला, डाकसेवकांच्या संपाच्या सोळाव्या दिवशी. दीड वर्ष कागद पडून होता, लोक रस्त्यावर आले तेव्हा हलला. आता आठवा वेतन आयोग बसलाय. डाकसेवकांसाठी पुन्हा वेगळी समिती, पुन्हा वाट बघणं नको. मुदत ठरलेला करार हवा, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा.

निवृत्त टपाली
ताई, आईंच्या कष्टांबद्दल आदरच आहे. खात्यात ३४ वर्षं काढली, शाखा डाकघरं जवळून पाहिलीत. पण ही नोकरी मुळातच अर्धवेळ आहे. उपजीविकेचं दुसरं साधन हवं, ही अट सही करतानाच माहीत असते. निवड दहावीच्या गुणांवर, लेखी परीक्षा नाही. उद्या सगळ्यांना नियमित केलं तर खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन झालेल्यांनी काय म्हणायचं? सातव्या आयोगाने ही मागणी मान्य केली नाही, ती याच कारणाने. शिवाय २०१८ मध्ये चार तासांच्या बीपीएमला किमान १२,००० आणि त्यावर महागाई भत्ता मिळाला, १ जानेवारी २०१६ पासूनचा फरकही मिळाला. काहीच दिलं नाही असं नव्हे.

रानमाळ
संपाची दुसरी बाजूही लिहा. त्या १६ दिवसांत आमच्या वाडीवर टपाल आलं नाही. आजीची निराधारची रक्कम पोस्टात अडकली, औषधं उधारीवर आणली. डाकसेवकाचं भांडण दिल्लीशी, झळ आम्हाला. ज्याच्यावर गाव विसंबून आहे त्याने काम बंद ठेवू नये, हे माझं ठाम मत.

ओटीवरची
रानमाळ, तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं. आईलाही त्या दिवसांत झोप नव्हती, दारात येणारी सगळी ओळखीचीच माणसं. म्हणूनच तर म्हणते, संपाशिवाय कागद हलेल अशी व्यवस्था करा.

काका, मी नियमित करा असं लिहिलेलं नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच राजम्मा खटल्यात सांगितलं की डाकसेवक शासकीय पद धारण करतात. मग वेतन आयोग आला की ते बाहेरचे कसे? आणि सेवेच्या वर्षांवर जादा रक्कम देणारी २०२४ ची आर्थिक उन्नती योजना बघा. १२ वर्षं झाली की वर्षाला ४,३२० रुपये. महिन्याला ३६० पडतात. आईची २१ वर्षं झाली, तिला तेवढेच. हा आकडा ठरवताना समोर संघटना बसली असती तर ३६० वर सही झाली असती का?

लेस्टरहून
इथल्या, ब्रिटनच्या टपालसेवेचं, रॉयल मेलचं सांगतो. २०२२ मध्ये १८ दिवस संप झाले, वाटाघाटी पुढच्या वर्षापर्यंत लांबल्या. शेवटी १० टक्के वाढ आणि ५०० पौंड एकरकमी. मसुदा सभासदांपुढे मताला गेला, जवळपास ७६ टक्के लोकांनी होकार दिला. पण नव्याने लागणाऱ्यांच्या अटी जुन्यांपेक्षा कडक झाल्या. करार असला की संप टळतो, हे मला पटत नाही. मतदानाचा हक्क मात्र मोलाचा.

निवृत्त टपाली
करार कोणाशी करायचा, हेही सांगा. डाकसेवकांत एकाहून जास्त संघटना. एप्रिल २०२३ मध्ये तर खात्याने टपाल कर्मचाऱ्यांच्या एनएफपीई या महासंघाचीच मान्यता काढून घेतली. आणि खात्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त आहे. पगार वाढले की तोट्यातली शाखा बंद करा असं कोणीतरी म्हणणारच, आणि पहिली कुऱ्हाड तुमच्या ओटीवर पडेल. मला तीच भीती आहे.

ओटीवरची
ती भीती मलाही आहे, काका. पण मान्यता द्यायची की काढायची हे मालकच ठरवणार असेल, तर समोर बसणार कोण? गुप्त मतदानाने संघटना निवडू द्या. शाखा बंद करण्याचं कलमही करारातच येऊ द्या, लपूनछपून नको. आई ६५ ला घरी बसेल. तिच्या जागी येणारी मुलगी काय कबूल करून येतेय, ते तिला सही करण्याआधी कळलं पाहिजे.

रानमाळ
संपाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ती विहिरीपाशी चालत येणारी माणसं आमच्याकडेही आहेत. तास मोजायचे असतील तर आमच्या वाडीची सही घ्या, मी गोळा करून देतो.